बाप-लेकाची घागर

कोसाड, सुरत
१६ मार्च

धनश्री,

पाकिटावर 'सौ. धनश्री विकास' असं लिहिलं. ते 'सौ.' लिहिताना मला अजून बरं वाटतं. आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत बसत नाही.

फोन करून मी थकले. मयुरीनं एकदा उचलला तर मागून तुझा आवाज आला, 'सांग, मम्मी अंघोळीला गेलीय.' ऐन संध्याकाळी? बरं. म्हणून हे पत्र. कागदाला अशी थाप मारता येत नाही, आणि तू रडायला लागलीस तरी माझं बोलणं पुरं होईल.

तुझे आप्पा गेले त्याला महिना उलटून गेला. तू आली नाहीस. रागावून लिहीत नाहीये. रागावले असते तर तुला पहिल्या ओळीतच कळलं असतं, तू या घरात सासू म्हणून मला पुरेशी सोसली आहेस. शेवटचे दोन महिने त्यांचे फार हाल झाले गं. श्वास घेण्याचं काम लूम चालवण्यापेक्षा जड झालं होतं. बसवलं तर धाप, आडवं केलं तर धाप. गेले तेव्हा चेहरा एकदम सैल झाला, आणि मी आधी रडले नाही, आधी हुश्श केलं. शेजारची रंजना चमकून माझ्याकडे बघायला लागली. आता तिला काय सांगायचं? तुला सांगते. ते सुटले आणि मीही सुटले. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण ते त्या सुटकेच्या मागून आलं.

अजून मी घरात ओरडूनच बोलते. त्यांचा सगळा जन्म लूमच्या खडखडाटात गेला, कान तिथेच राहिले. रंजना म्हणते, 'वहिनी, मी बहिरी नाहीये.' मयुरीची आठवण त्यामुळे जास्त येते. तिला नीट बोलता येण्याआधी लूमच्या खात्यातल्या खुणा येत होत्या. हनुवटीखाली ओंजळ म्हणजे पाणी, पोटावर टिचकी म्हणजे भूक, मिशीवर बोट म्हणजे मालक आला. मी दार उघडून आत आले की आजोबा-नात दोघंही मिशीवर बोट ठेवायचे.

आता कामाचं. आखाजी जवळ येतेय, इथल्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया लिहिलीय.

माझा ललित गेल्यापासून त्याची घागर आपण कधी भरली नाही. सगळ्या बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या दारात आपल्या माणसांच्या नावानं पाणी भरलं जायचं, आणि आपलं दार कोरडं. तू होतीस तेव्हा पाहिलंच आहेस, आप्पा आखाजीला सकाळीच खात्यावर निघून जायचे. खातं बंद असलं तर बंद शटरसमोर बसायचे. पहिल्या वर्षी मी नवी घागर आणून ठेवली तर म्हणाले, 'बापनी पोऱ्यानी घागर भरानी? हाई उलटं काम मन्हाकडथून व्हवाव नही.' त्यानंतर मी विषय काढला नाही.

भाऊबंद बोलायचे, पोराचा आत्मा तहानलेला राहतो. भुताखेतांचं मला काही वाटत नाही. पण तहान हा शब्द मला ऐकवत नाही, कारण तुला माहीत आहे. पलसाण्याची ड्यूटी सुटून भर उन्हात मोटारसायकलवर निघालेला पोर, वाटेतच अपघात. दवाखान्यात त्याला शुद्ध होती. 'आई, पाणी' म्हणाला. ऑपरेशनला न्यायचं होतं म्हणून डॉक्टर नको म्हणाले, आणि त्यांचंही बरोबरच होतं. मी ओठ नुसते ओल्या कापसानं पुसले. तिथून तो परत आलाच नाही.

या आखाजीला बाप-लेकाची घागर एकदमच भरायची आहे. त्या दोघांच्या रक्ताचं माणूस आता एकच उरलं आहे, तुझी मयुरी. तिच्या हातानं भरायची असं मी ठरवलंय. तिला घेऊन ये. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशीच तूही ये.

सरलाबाई

४ एप्रिल

धनश्री,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. 'आई, मी कोणत्या तोंडानं येऊ? आप्पांना शेवटचं बघायलाही आले नाही. मयुरी आता यांना पप्पा म्हणते, ते तुम्हाला ऐकवणार नाही. आम्हाला विसरून जा.'

विसरून जा म्हणे. मी गॅसवरचं दूध विसरते, मोबाइल कुठे ठेवला ते विसरते. माणसं विसरायची मला सवय नाही.

तुझं दुसरं लग्न कोणी लावलं ते तरी आठव. तू नाही-नाही म्हणत होतीस, तुझी आई थकलेली होती, आणि तुझे आप्पा एक दिवस उठून चाळीसगावला गेले. विकासरावांच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानासमोर चहावाल्याकडे दुपारपर्यंत बसून आले. परत येऊन मला म्हणाले, 'हातले काम शे, तोंडमा शिवी नही. पोरले सुखमा ठेवी.' ललितसाठी तुला बघायला गेले होते तेव्हाही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. तेव्हा तुझ्या हातचे पोहे आवडले, एवढ्यावर काम झालं होतं.

आणि मयुरी पप्पा म्हणते, त्यात ऐकवणार नाही असं काय आहे? तिनं त्यांना काका म्हटलं असतं तर मात्र माझी झोप उडाली असती. पोर ज्या घरात राहते तिथे तिला हक्काचं कोणीतरी नको? ललितच्या फोटोला ती बाबा म्हणायची. बाबा त्याचं, पप्पा यांचं. मला त्यात काही कमी पडत नाही.

इकडे वेगळंच सुरू आहे. आप्पांचे चुलतभाऊ गणपतभाऊजी लिंबायतहून आले होते, सोबत त्यांचा पोरगा दत्तू. चहा पिऊन झाल्यावर आप्पांचं नाव घेऊन म्हणाले, 'वहिनी, सुकलालनी घागर आमना घर भरुत. हाऊ दत्तू भरी. बाईमानूसनी घागर भरेल आयकी का कोठे?' मी म्हटलं, माझ्या घरातून माणूस गेलं, पाणी तुमच्या घरी कसं प्यायला येईल? रस्ता तरी सापडेल का त्यांना, रिक्षावाले लिंबायतला जायला कुरकुर करतात. दत्तू हसला, भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या मनात वाईट नाही. चुलतभावाचं करायला निघालेत. पण ललितचं नाव त्यांनी घेतलंच नाही, आणि माझा जीव तिथे अडकलाय. रामनवमी झाल्यावर सांगते म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

आता शेवटची गोष्ट. रंजनाची बहीण चाळीसगावला दिलेली आहे. तिनं तुला बाजारात पाहिलं. रंजना मला म्हणाली, 'धनश्री भरल्या अंगाची दिसतेय म्हणे.' मी म्हटलं, असू दे, खाऊन-पिऊन सुखी असेल. ती म्हणाली, 'वहिनी, तसं नाही.'

मी साडीवर टिकल्या चिकटवत बसले होते. हात तसाच राहिला.

म्हणजे आप्पा गेले तेव्हा तुला चौथा महिना असणार. म्हणून आली नाहीस. आणि हे मला सांगायला तुला लाज वाटली? मला वाईट वाटेल असं वाटलं? अगं, मी उठून डब्यातला गूळ काढला आणि डिंकाच्या हातानंच रंजनाच्या तोंडात घातला. ती अजून थुंकतेय. कितीतरी दिवसांनी या घरात कोणीतरी येणार असल्याची बातमी आली. इथे आजवर नुसत्या जाण्याच्याच येत होत्या.

तोंड दाखवायला जागा नाही म्हणतेस. तेच तोंड घेऊन ये, मला दुसरं कोणाचं नको.

सरलाबाई

१५ एप्रिल

धनश्री,

तुझा निरोप कळला. मेलेल्यांना पाणी देतात त्या घरात पोटुशीनं जाऊ नये, असं तुझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. आप्पा जिवंतपणी तुला कधी एक वाकडा शब्द बोलले नाहीत, ते आता येऊन तुझं काय वाईट करणार आहेत? आणि ललित? तो तुझ्या पोटाला हात लावून विचारेल, मम्मीनं भाकरी खाल्ली का. पण सासूबाई तुझ्या काळजीनंच म्हणतात. पोटुशी बाईच्या मनात भीती घालून मला कोणाची घागर भरायची नाही. तू येऊ नकोस. हे रुसून लिहीत नाहीये, नीट वाच.

मयुरीला मात्र पाठव. कोणाबरोबर ते मला माहीत नाही. विकासरावांना दुकान बंद ठेवा म्हणायचा मला हक्क नाही, आणि ज्या कामासाठी बोलावतेय त्याला तर मुळीच नाही. पण नऊ वर्षांची पोर एकटी गाडीत बसणार नाही, हेही कळतं.

गणपतभाऊजींना मी काल सांगून टाकलं की घागर इथेच भरेन, आणि नात भरेल. ते चहा न घेता उठले. जाताना म्हणाले, 'वहिनी, तुमनी मर्जी. पन पोर उनी नही, ते मंग काय करश्यात?' आता मयुरी आली नाही तर सगळ्या भाऊबंदांत माझी शोभा होणार आहे. ते तू मनावर घेऊ नकोस. म्हणजे घे थोडं.

ललितला मी एकदा पाणी दिलं नाही धनश्री. आणखी एक आखाजी तशीच गेली तर ते माझ्यानं सोसवणार नाही.

सरलाबाई

३० एप्रिल, आखाजी

धनश्री,

हे पत्र विकासरावांच्या हातानं देतेय. ते आणि मयुरी आत झोपलेत, दोघांनाही आमरस जास्त झालाय. ते तुला सांगतीलच, पण पुरुष माणूस सांगून सांगून काय सांगणार. म्हणेल, झालं सगळं व्यवस्थित. म्हणून मी लिहिते.

सकाळी मी घर पुसून, पुरण वाटून, दोन नव्या घागरी धुऊन बसले होते. दाराकडे बघत नव्हते, म्हणजे बघतच होते. गणपतभाऊजी दत्तूला घेऊन आलेच. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मला कळलं, पोर आली नाही तर वहिनीची अडचण नको म्हणून आलेत. माझा त्यांच्यावरचा राग तिथेच निम्मा झाला. आणि मग जिन्यात मयुरीचा आवाज आला. 'आजी, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट अजून बंदच?' मी पदराला हात पुसत जिन्याकडे धावले.

विकासराव दाराशी पिशवी ठेवून बाहेरच थांबले. मी आत या म्हटलं तर म्हणाले, 'तुमचं होऊ द्या मावशी, मी इथं आहे.' भाऊजींच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. मीही आग्रह केला नाही. त्यांना आत बोलवून ललितच्या फोटोखाली उभं करायचं, हे त्यांच्यासाठी अवघड होईल असं मला वाटलं.

मयुरीनं पहिली घागर भरली आणि उचलायला गेली तर हलेना. दाराशी पाटावर न्यायची होती. दत्तू पुढे झाला. पोरीनं त्याच्याकडे बघितलंही नाही, बाहेर हाक मारली, 'पप्पा, धरा ना.'

विकासरावांनी माझ्याकडे बघितलं. भाऊजींनी तोंड उघडलं. मी मान हलवली. चपला काढून ते आत आले, पाय धुतले, आणि घागरीच्या बुडाला हात लावला. वरून पोरीचे हात, खालून यांचे. भाऊजींनी तोंड मिटलं. आधी आप्पांची नेली, मग ललितची. वर सांजोऱ्या ठेवल्या, खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. निखाऱ्यावर पितरांचा घास मयुरीनं टाकला, आणि तिच्या मागून विकासरावांनी एक टाकला. टाकताना हळूच म्हणाले, 'ललितभाऊ, घ्या.' त्यांना वाटलं कोणी ऐकलं नाही. मी जवळच बसले होते.

मग उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. आप्पांचे वडील बाबुराव, त्यांचं झालं. आप्पांचं बोट ओढलं, तेव्हा मी मयुरीला म्हटलं, 'आता हाक मार. म्हणावं, आप्पा, पाणी प्यायला या.' ती उभी राहिली. दाराकडे तोंड केलं. बोलली काहीच नाही. हनुवटीखाली ओंजळ धरून नुसती उभी राहिली.

मी म्हटलं, 'अगं, मोठ्यानं बोल.'

ती म्हणाली, 'आजी, आप्पांना कुठं ऐकू येतं?'

गणपतभाऊजीही लूमवरचेच, सगळा जन्म तिकडेच गेलेला. मी वळून पाहिलं तर गॅलरीत खुर्चीवरून उठून त्यांनीही हनुवटीखाली ओंजळ धरली होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. जाताना त्यांनी मयुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, 'वहिनी, बराबर भरी पोरनी.' तिथं माझा उरलेला रागही गेला.

ललितचं बोट ओढल्यावर मयुरीनं मला विचारलं, 'बाबांना ऐकू यायचं?'

मी म्हटलं, 'यायचं. ऐकायचा मात्र नाही कोणाचं.'

ती हसली आणि मोठ्यानं म्हणाली, 'बाबा, पाणी.'

एवढंच. तिला तो आठवत नाही, तिनं त्याला फोटोतच पाहिलंय, आणि तरी किती साधेपणानं म्हणाली. धनश्री, इतक्या वर्षांनी त्याला माझ्या दारात पाणी मिळालं. मी जेवले आज. खरंखुरं जेवले, पुरणपोळी, कुरडया, रस. विकासरावांना वाढताना 'जावईबापू' म्हणाले तर त्यांना ठसका लागला.

आता तुला विचारायचं ते. पहिल्या वेळी तुझी आई होती, तिनं तुझं सगळं केलं. ती आता नाही. मी आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येते. इथे पाण्याचा त्रास नाही, दवाखाना जवळ आहे, रंजना हाताशी आहे. घागरी भरून झाल्या, ज्यांना यायचं होतं ते येऊन पाणी पिऊन गेले. तुझ्या सासूबाईंना भीती वाटावी असं या घरात आता काही उरलेलं नाही. विकासरावांना विचारलं तर म्हणाले, 'तिलाच विचारा.' विचारते. येशील?

सरलाबाई

१८ जुलै

विकासराव,

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे तुम्हाला फोनवर दिवसातून हवं तितक्यांदा कळतं. तरी हे पत्र लिहितेय, कारण यातलं बोलणं फोनवर करता येत नाही. धनश्री शेजारीच पडलेली असते आणि हल्ली तिचे कान फार तिखट झालेत.

आधी चांगलं सांगते. मुलगा तुमच्यावर गेलाय, कपाळ अगदी तुमचं. रडतो मात्र असा की खालच्या मजल्यावरचे ओडियाभाई विचारायला वर आले. मी त्यांना सांगितलं, आमच्या घरात मोठ्यानं बोलायची पद्धतच आहे. धनश्री नीट खाते, अळिवाची खीर बघून तोंड वाकडं करते आणि संपवते. दुपारी ती झोपली की मी पोराला मांडीवर घेऊन बसते. टिकल्यांचं काम बंद ठेवलंय, त्याच्या डोळ्यात जायला नको. साड्या देणारे पर्वत पाटियाचे शेठ फोन करतात. त्यांना म्हटलं, लेकीचं बाळंतपण आहे, महिनाभर माझ्याकडे गठ्ठा पाठवू नका.

आता मुद्दा. काल धनश्री मला म्हणाली, 'आई, याचं नाव ललित ठेवायचं. यांनी हो म्हटलंय.'

तुम्ही मनापासून हो म्हटलं असणार. आखाजीला तुम्ही घागर कशी धरली होती ते मी पाहिलंय. तुमच्यासारखा माणूस धनश्रीला मिळाला, याचं समाधान मला किती आहे ते लिहिता येणार नाही. आणि ती तरी का म्हणाली? मला आनंद व्हावा म्हणून. माझं गेलेलं माझ्या मांडीवर परत द्यावं, असं तिच्या मनात आहे. मी रात्रभर विचार केला. नको म्हणून तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलं तर ती रडेल, आणि या दिवसांत तिनं रडलेलं चालत नाही.

ललितला मी जाऊ दिलंय. फार उशिरा दिलं, पण आता दिलंय आणि मला हलकं वाटतंय. घरात पुन्हा त्या नावाची हाक पडली, तर दर वेळी मी आधी दाराकडे बघेन आणि मग पाळण्याकडे. या पोरानं असं का सोसावं? तो कोणाची रिकामी जागा भरायला आलेला नाही. तो तुमचा आणि धनश्रीचा मुलगा आहे, मयुरीचा भाऊ आहे. त्याला त्याचं स्वतःचं नाव असू द्या, कोणीही आधी न वापरलेलं.

बारशाला मयुरीला आणा. तुमच्या आईंना आणा, त्यांना म्हणावं, गावाहून आल्यावर पाय लांब करून बसा, इथे सगळं मी बघते. घुगऱ्या मीच शिजवणार. गणपतभाऊजी पाळणा बांधायला येणार आहेत, दत्तूला दोरी आणायला पाठवलंय. आणि तुमच्या बहिणीला, मनीषाताईंना, काहीही करून गाडीत बसवा. नाव आत्यानं ठेवायचं असतं. त्यांना आवडेल ते ठेवू द्या, मी मध्ये बोलणार नाही. मी आईकडची आजी आहे. मी पाळण्याची दोरी ओढीन.

सरलाबाई